दोघांचा एक

१

बुधवारी दुपारची जेवणं आटोपली की पेन्सिल आपले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि दोन गल्ल्या ओलांडून बहिणीच्या घरी जायचा. पासष्टी उलटलेल्या माणसाला पेन्सिल म्हणणं बरं दिसत नाही हे खरं, पण त्याला इलाज नाही. पोरवयात तो अंगाने काडी होता आणि कानामागे सदा पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून हे नाव पडलं. पुढे टेलिफोन खात्यात उभी हयात गेली, साहेब झाला, निवृत्त झाला, बायको गेली, तरी नाव काही सुटलं नाही. कानामागची पेन्सिलही सुटली नाही.

बहिणीला सगळे बेबी म्हणत. बेबीचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरायचे, पण बेबी ती बेबीच. तिने दार उघडायचं, "आलास का रे दादा," म्हणायचं, स्वयंपाकघरातलं टेबल आवरून त्याला जागा करून द्यायची आणि स्वतः समोर काहीतरी हातकाम घेऊन बसायचं. मग पेन्सिल आठवडाभरात लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा.

तो कादंबरी लिहीत होता. आजवर मासिकांत किरकोळ गोष्टी लिहिल्या, त्या कोणी वाचल्या, कोणी नाही. आता एका छोट्या प्रकाशन संस्थेच्या संपादकबाईंनी हात धुऊन मागे लागून त्याला स्वतःच्या तरुणपणावर लिहायला बसवलं होतं. त्याचं तरुणपण म्हणजे बर्फाचा कारखाना. कॉलेज सुटलं की तीन मित्र तिथे कामाला जायचे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उभे डबे सोडायचे, डब्यातल्या पाण्याचा बर्फ झाला की डबा वर ओढायचा, लादी सोडवायची आणि लोखंडी आकड्याने ओढत थंड खोलीत नेऊन रचायची. बेबी तेव्हा शाळा संपवून घरीच होती. दादाचं जेवण घेऊन ती रोज कारखान्यावर यायची आणि दादाचं जेवण झालं तरी रेंगाळायची.

त्यामुळे त्या दिवसांची साक्षीदार तीच होती, आणि न्यायाधीशही तीच. पेन्सिलने वाचलं, "कारखान्याचं फाटक निळं होतं," की ती मान वर न करता म्हणायची, "हिरवं होतं, दादा." सुरुवातीला त्याने एकदोनदा वाद घातला होता. जुन्या लोकांना विचारून आला, आणि दर वेळी तीच बरोबर निघाली. तेव्हापासून बेबी म्हणेल ती पूर्व दिशा. ती बोलली की त्याचा हात कानामागे जायचा, चुकीच्या शब्दावर काट बसायची, वर नवा शब्द यायचा आणि वाचन पुढे सुरू. याला आता विचारसुद्धा लागत नव्हता.

हे सगळं चालायचं तेव्हा बेबीचा नवरा आतल्या खोलीत दुपारचा आडवा झालेला असायचा. हा नवरा म्हणजे त्या तिघांमधलाच दुसरा, शिडी. नावाप्रमाणेच उंच. आतल्या खोलीचं दार बेताचं होतं, म्हणून इतकी वर्षं तो आत जाताना वाकायचा, बाहेर येताना वाकायचा आणि घाईत असला की कपाळ आपटून घ्यायचा. आणखी एक खोड म्हणजे तो मुठी तोंडाशी धरून त्यात फुंकर मारायचा, हूऽ, हूऽ. बर्फाने हात गारठत म्हणून लागलेली ती सवय. भर उन्हाळ्यातही सुटली नाही. बोलायचा मात्र कमी. बेबी म्हणायची, "आमच्या घरात भिंती जास्त बोलतात."

तिसरा होता डॉक्टर. तो त्या कारखान्यातच गेला, एकविसाव्या वर्षी.

२

डॉक्टर काही डॉक्टर नव्हता. डबा टाकीतून वर आला की तो आतल्या लादीवर बोटाची पेरं दोनदा वाजवायचा, टक टक, आणि कान लावून ऐकायचा. बर्फ मधोमध गोठला नसेल तर त्याला आवाजावरून कळायचं. मग तो छाती तपासल्यासारखा गंभीर चेहरा करून म्हणायचा, "कच्चं आहे अजून. राहू दे." की डबा परत टाकीत. पुढे त्याला तो छंदच लागला. दार, टेबल, माणसाची पाठ, जे दिसेल ते वाजवायचं. बेबीने आणलेल्या डब्याचं झाकण वाजवून आत काय आहे ते सांगायचा, आणि ती खिदळायची. बुटका होता, बडबड्या होता, आणि जिथे जाईल तिथे आपलाच माणूस होऊन बसायचा.

संपादकबाईंनी पहिली शंभर पानं वाचून फोन केला.

"छान चाललंय हो. पण तीन मुलं फार होतात. वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. एक उंच आणि गप्प, एक बुटका आणि बडबड्या, एक सगळं बघत बसणारा. त्या दोघांचा एक करून टाका ना."

"अहो, एक माझा मेहुणा आहे. दुसरा जिवंत नाही."

"मग तर बरंच की. कोणी ओळखणार नाही, कोणी दुखावणार नाही. तुम्ही कादंबरी लिहिताय, साक्ष नाही देत."

पेन्सिलला ते पटलं. सगळे लेखक असंच करतात, दोघांचा एक आणि एकाचे दोन, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने शिडीची उंची घेतली, डॉक्टरची टकटक घेतली, शिडीचं मुकेपण टाकलं आणि डॉक्टरची बडबड ठेवली. नाव तिसरंच दिलं. आणि काय सांगावं, तो माणूस कागदावर असा उभा राहिला की पेन्सिल स्वतःवरच खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण लेखक आहोत असं वाटलं.

फक्त एक प्रकरण राहिलं होतं, शेवटचं. थंड खोलीतल्या त्या दुपारचं. ते त्याने पुढे ढकललं.

३

दोघांचा एक केलेला भाग त्याने बेबीला वाचून दाखवला त्या बुधवारी ती काहीच बोलली नाही. एकही दुरुस्ती नाही. कपड्यांच्या घड्या घालणारे तिचे हात मधेच थांबले होते.

"कसं वाटलं?"

"वाच अजून," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आतून.

दोघांनी तिकडे पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं, शिडी वाकून बाहेर आला आणि डोळे चोळत माठाकडे गेला.

"काय रे," पेन्सिल हसून म्हणाला, "स्वतःच्या खोलीतून बाहेर यायला परवानगी लागते का आता?"

"काय?"

"दार वाजवलंस."

"मी कशाला वाजवू?" शिडी पाणी प्यायला, मुठीत फुंकर मारली आणि पुन्हा वाकून आत गेला.

पेन्सिलने मनाशी म्हटलं, ऐकत पडला होता लबाड. पातळ भिंत, मोठ्याने वाचन, त्याला सगळं ऐकू जाणारच. गप्प माणसांचे विनोद असेच असतात, वर्षातून एखादा आणि तोही तोंड न उघडता. त्याने पिशवीला गाठ मारली आणि निघाला. जिन्यात त्याला वाटलं की शिडीला आपण कधीच विनोद करताना पाहिलेलं नाही, पण तो विचार त्याने तिथेच सोडला.

४

पुढच्या खेपेला बेबीने चहा ठेवला तेव्हा शिडी त्यांच्यातच येऊन बसला होता आणि बोलत होता. महापालिकेच्या नळाबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, कशाबद्दलही. बेबी हसत होती. पेन्सिललाही आधी बरं वाटलं.

मग शिडी बोलता बोलता उठला, फ्रीज उघडला, बर्फाचा एक खडा काढला आणि आपल्या चहात टाकला.

चहात बर्फ डॉक्टर टाकायचा. शिडी चहा असा उकळता प्यायचा की बघणाऱ्याची जीभ पोळावी. पेन्सिलने बहिणीकडे पाहिलं. ती कपात बघत होती.

"हे काय नवीन?" त्याने विचारलं.

शिडीने कपाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सगळी बडबड उतरली. आपल्या ताटात दुसऱ्याचा हात दिसावा तसा तो त्या कपाकडे बघत राहिला. "बेबी, हा माझा कप आहे?" त्याने हळूच विचारलं.

"प्या हो, निवतोय," बेबी म्हणाली. निवतोय म्हणाली, बर्फ टाकलेल्या चहाला.

घरी जाताना पेन्सिलने सगळा हिशेब नीट मांडून पाहिला. चहातला बर्फ त्याने मागच्याच आठवड्यात लिहिला होता, पण अजून वाचून दाखवला नव्हता. म्हणजे शिडीने ऐकला असणं शक्य नव्हतं. पण तोही डॉक्टरचा मित्रच होता, त्यालाही आठवत असणार. म्हातारपणी जुनं वर येतं. किंवा नवरा-बायको मिळून आपली फिरकी घेताहेत. बेबी लहानपणापासून कमी नव्हती. होय, तसंच असणार. मिळून घेताहेत.

तरीही त्या रात्री त्याला झोप नीट लागली नाही, आणि सकाळी उठल्यावर त्याने त्यांना पकडायचं ठरवलं.

५

युक्ती साधी होती. शिडीची नाही, डॉक्टरची नाही, अशी एक सवय बनवायची. कोणाला आठवणारच नाही, कारण ती कधी नव्हतीच.

त्याने लिहिलं की हा पोरगा कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराची बाहेरची कडी दोनदा चाचपून पाहायचा, आपण आत गेल्यावर ती पडणार तर नाही ना, म्हणून. लिहिलं, कागद कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आत गळ्यात अडकवली. स्वतःचंच हसू आलं त्याला. इतका बंदोबस्त तर टेलिफोन खात्यातही कधी केला नव्हता.

बुधवारी त्याने जुनीच पानं नेली. तीच पुन्हा वाचली. बेबीने विचारलंही नाही की ही परत का.

आज उशिरा जेवलेला शिडी मग झोपायला उठला. दाराशी गेला, वाकला, आणि थांबला. त्याचा उजवा हात वर आला. जुन्या घरांना असते तशी त्या दारालाही बाहेरून लोखंडी कडी होती. त्याच्या बोटांनी ती चाचपली. एकदा. मग पुन्हा एकदा. आणि तो आत गेला.

पेन्सिल कागद पिशवीत भरत होता. पिशवी हातातच राहिली.

"तुला दिसलं का बेबी?"

"काय?"

"कडी."

"हो, हल्ली करतात तसं." बेबीने सुईत दोरा ओवला. आज तिच्या मांडीवर शिडीची विजार होती, आणि ती विजारीचे पाय खालून दुमडत होती.

"हे काय करतेस?"

"आखूड करतेय. लांब होतात त्यांना."

"लांब? शिडीला?"

"वय झालं की माणूस आकसतो, दादा," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

६

सोमवारी सकाळी शिडी पेन्सिलच्या घरी आला. एकटा. इतक्या वर्षांत तो असा कधी आला नव्हता. त्याच्या शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या, आणि पेन्सिलच्या दारातून आत येताना तो सवयीने वाकला, पण वाकायची फारशी गरज नव्हती.

"चहा?"

"नको." तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि मुठीत फुंकर मारत राहिला. "पेन्सिल, तू आमच्याबद्दल काय लिहितो आहेस?"

पेन्सिलने थोडं लपवलं, थोडं सांगितलं, आणि शेवटी सगळंच सांगितलं. दोघांचा एक कसा केला तेही. हे ऐकून तो हसेल, नाहीतर चिडेल, असं त्याला वाटत होतं. शिडीने फक्त मान हलवली, जणू एखादा आजार आहे हे कळलं होतं आणि आज त्याचं नाव कळलं.

"हात आपोआप जातो रे," तो म्हणाला. "टकटक मी नाही करत. तोंडातून बोलणं येतं तेही माझं नसतं. मी आपला आत बसून ऐकतो. आधी थोडा वेळच असायचं. आता बराच वेळ असतं." त्याने दोन्ही हात पुढे केले. "हात लावून बघ."

पेन्सिलने हात लावला आणि मागे घेतला. टाकीतून नुकते काढल्यासारखे गार होते.

"बेबीला सांगितलंस?"

"तिला सांगून काय करू? ती खूश आहे." शिडी दाराकडे बघत बोलत होता. "त्या दाराची कडी काढून टाक म्हटलं तिला. चार वेळा म्हटलं. हो म्हणते आणि काढत नाही."

पेन्सिलला आपल्या मित्राची भयंकर दया आली. हा माणूस त्याच्या बहिणीला आयुष्यभर तळहातावर जपत आला होता, तिच्या आजारपणात उशाशी बसला होता, आणि कधी काही मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदा मागत होता.

"आम्हाला वेगळं कर पेन्सिल. त्याला त्याच्या जागी ठेव, मला माझ्या. काहीही कर, पण मला आत ठेवू नकोस."

"आजच बसतो लिहायला."

"आणि आमच्या घरी येऊन वाच. मोठ्याने. माझ्या कानावर पडू दे. मी आत पडलेला असेन. माझं नाव आलं की उठून बाहेर येईन."

निघताना त्याने दाराची कडी चाचपली. दोनदा. मग आपल्याच हाताकडे असं पाहिलं की पेन्सिलला मान वळवावी लागली.

७

संपादकबाई वैतागल्या. "अहो, इतकं सुरेख जमलं होतं! आता परत तीन?"

"परत तीन," पेन्सिल म्हणाला आणि फोन ठेवला.

दोघांना सोडवणं एकत्र करण्यापेक्षा अवघड गेलं. एकजीव झालेलं पीठ आणि पाणी वेगळं करायला बसल्यासारखं ते काम. गाणं कोण म्हणायचं? पायाला आकडा लागला होता तो कोणाच्या? बेबीला सायकलवरून घरी सोडायला कोण जायचं? काही ठिकाणी त्याला खात्री होती, काही ठिकाणी त्याने ठोकून दिलं. खोटं नाव काढून शिडी आणि डॉक्टर हीच नावं घातली. आणि शेवटी, जे इतके महिने टाळलं होतं, ते प्रकरण लिहायला घेतलं.

त्या दुपारी शिडी आणि डॉक्टर लाद्या रचायला थंड खोलीत गेले होते. पेन्सिल बाहेर फाटकाशी गाडी भरून घेत होता. कुठेतरी बर्फ गोठवणाऱ्या यंत्राची नळी फुटली, नाकाडोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास सुटला, माणसं ओरडत पळाली. थंड खोलीची बाहेरची कडी पडलेली होती. आपोआप पडली असणार, असं सगळ्यांनी मानून घेतलं. ती काढली तेव्हा एक जण चालत बाहेर आला. दुसऱ्याला उचलून आणावं लागलं. पेन्सिल धावत पोचला तोवर दोघांवर गोणपाटं टाकलेली होती, एकावर ऊब म्हणून, एकावर झाकायला. कडी उघडताना तिथे हजर होती ती फक्त जेवणाचा डबा घेऊन आलेली बेबी.

हे लिहिताना त्याचा हात थांबला. डबा घेऊन ती किती वेळ तिथे उभी होती, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी बेबीचा फोन आला. आवाज हलका, लहानपणीसारखा. "दादा, उद्या येतोयस ना? आणि ऐक, त्या पोराला काही करू नकोस हं. आहे तसाच राहू दे."

"कोणत्या पोराला?"

"पुस्तकातल्या."

"बेबी, खरं सांग. डॉक्टर आवडायचा ना तुला?"

"या घरात आत्ता कुठे कोणी बोलायला लागलंय दादा," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी वाट बघितली."

फोन ठेवल्यावर पेन्सिलला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या धाकट्या बहिणीची भीती वाटली.

८

बुधवारी बेबीने दार उघडलं, "आलास का रे दादा," म्हणाली आणि टेबल आवरलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आखूड केलेल्या विजारी कुठे दिसत नव्हत्या, म्हणजे त्याच आता वापरात होत्या. बेबीच्या मांडीवर आता शर्ट होता आणि ती त्याच्या बाह्या कापून घेत होती.

"आहे ना तो आत?"

"पडलेत. वाच तू."

पेन्सिलने पिशवी सोडली. आवाज मुद्दाम चढवला, भिंतीपलीकडे जावा म्हणून. तीन मित्र पुन्हा तीन झाल्याचं त्याने वाचलं. उंच शिडी, बुटका डॉक्टर. बेबीच्या हातातली कात्री थांबली नाही की तिने मान वर केली नाही. आतून हलकी फुंकर ऐकू येत होती, हूऽ, हूऽ. शिडी जागा होता. ऐकत होता. पेन्सिलला धीर आला आणि तो शेवटच्या पानावर आला.

"'... कोणीतरी थंड खोलीच्या दाराची कडी काढली. पांढरी वाफ बाहेर लोटली, आणि त्या वाफेतून एक जण चालत बाहेर आला. तो शिडी होता.'"

"नाही, दादा," बेबी म्हणाली.

"काय नाही?"

"चुकतंय तुझं. डॉक्टर आला बाहेर."

ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, फाटक निळं नव्हतं, हिरवं होतं, असं सांगावं तशी. आणि पेन्सिलचा हात कानामागे गेला. शिडीवर काट बसली. वर डॉक्टर लिहून झालं. पेन्सिल परत कानामागे गेली आणि पुढची ओळ वाचायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा कुठे आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"बेबी! हे काय सांगतेस? तू या माणसाशी लग्न केलंस!"

"मी तिथे होते दादा. तू नव्हतास."

तो घाईघाईने पुन्हा पेन्सिल काढायला गेला. पेन्सिल बोटांतून निसटली आणि टेबलाखाली गडगडली.

आतल्या खोलीच्या दारावर टकटक झाली.

बेबीने कात्री खाली ठेवली आणि केस सारखे केले.

दार उघडलं. पेन्सिल टेबलाखाली वाकला होता, त्याला आधी फक्त पाय दिसले. विजार बरोबर घोट्यापर्यंत आलेली होती. मग तो सावरून बसेपर्यंत माणूस चौकटीतून बाहेर आला, आणि बाहेर येताना तो वाकला नाही. त्याच्या डोक्यात आणि वरच्या लाकडात चांगली वीतभर जागा होती. पेन्सिलने त्या मोकळ्या जागेवरच नजर धरून ठेवली. तिथून खाली बघायची त्याची छाती झाली नाही.

पावलं टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे आली. पाठीवर गार पेरं दोनदा वाजली, आणि कोणीतरी कान देऊन ऐकावं इतका वेळ शांतता होती.

"कच्चं आहे अजून," मागून आवाज आला. "राहू दे."

बेबी खिदळली. कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून खिदळायची तशीच.

त्याच वेळी पेन्सिलला ते ऐकू आलं. आतल्या खोलीतून. उघड्या दारापलीकडच्या अंधारातून, हूऽ, हूऽ. मुठीत मारलेली फुंकर. कोणीतरी फार गारठलेलं.

बेबी उठली. दुधावर झाकण ठेवावं तसं तिने ते दार ओढून घेतलं, बाहेरची कडी लावली आणि नीट बसली की नाही ते दोनदा चाचपून पाहिलं. मग परत येऊन समोर बसली.

"हं. पुढे वाच दादा."

पुढची ओळ पेन्सिलला पाठ होती. दुसऱ्याला उचलून आणावं लागलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. दारामागे फुंकर अजून चालू होती, हूऽ, हूऽ, आणि ती चालू आहे तोवर आपण तोंड उघडायचं नाही, काही झालं तरी नाही, एवढं एकच तो शिडीसाठी करू शकत होता.

बेबीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने चष्मा लावला आणि त्याच्या हातातून कागद काढून घेतला.